हार्डबोर्डवरचं पान

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक मॅडम राहतात. शाळेत शिकवायच्या, आता रिटायर होऊन खाडी वाचवायच्या मागे लागल्यात. एका रविवारी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काका, फोटोंची स्पर्धा ठेवलीय. आपली खाडी, आपला परिसर, असा विषय आहे. परीक्षक मी आणि एक साहेब. तिसरे तुम्ही."

मी म्हटलं, "मॅडम, मी चौथी शिकलेला माणूस. परीक्षा कधी धड दिली नाही, घेणार कुठून?"

"आयुष्यभर फोटो तर बघितलेत ना?"

"फोटो नाही बघितले. फोटोच्या कडा बघितल्या."

खोटं नव्हतं ते. भाईंदरला माझं फ्रेमचं दुकान. रत्नागिरीकडून आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात काचा कापायचो, मग स्वतःचं टाकलं. आता कामं फारशी येत नाहीत. सगळ्यांचे फोटो मोबाईलमध्ये, भिंतीवर टीव्ही. तरी शटर अर्धं वर करून बसतो. घरी बसून काय करायचं?

मॅडम का आल्या होत्या ते मला कळत होतं. आमची ही, म्हणजे माझी बायको, गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर गेली. तेव्हापासून बिल्डिंगमधली माणसं मला कुठे ना कुठे न्यायला बघतात. कुणी योगाला बोलावतं, कुणी भजनाला. एकाने तर हास्य क्लबला बोलावलं. त्याला म्हटलं, "पहाटे उठून हसण्यासारखं काय झालंय?" तो परत आला नाही. मॅडमना तसं बोलता आलं नाही, कारण ही दवाखान्यात होती तेव्हा डबा त्यांच्याकडून यायचा. म्हणून हो म्हटलं.

फ्रेमचा धंदा म्हणजे निम्मा देवांचा आणि निम्मा मेलेल्यांचा. लग्नाचे फोटो लोक सावकाश आणतात, वर्षभर पाकिटात राहिले तरी त्यांचं काही अडत नाही. मेलेल्या माणसाची घाई असते. पंगतीत जेवतानाचा फोटो आणतात, "ह्यातले आमचे वडील तेवढे काढून द्या, उद्या दहावा आहे," म्हणतात. शेजारचा स्टुडिओवाला माणूस वेगळा काढून मोठा करायचा, मी काच आणि पट्टी लावून द्यायचो. निम्म्या भाईंदरची माणसं मी भिंतीवर चढवलीत. हिचा फोटो मात्र अजून कपाटावर पाकिटातच आहे.

आता हिच्या दहाव्याचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

दहावा खाडीवर केला. मुलगा विरारहून आला, मुलगी वसईहून. हिचा भाऊ होता, शेजारची चार माणसं होती. पिंडाबरोबर मेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवायचं असतं. तर आदल्या दिवशी मुलगी विचारते, "आईला काय आवडायचं?" मुलगा माझ्याकडे बघतो, मी मुलीकडे बघतो. कुणालाच सांगता येईना. ही आमच्यात जेवायला बसलीच नाही कधी. सगळ्यांची जेवणं झाली, ताटं उचलली, ओटा पुसला, की मग कोपऱ्यात पाट घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवायची. मध्येच कुणी स्वयंपाकघरात आलं तर उठून उभी राहायची, "काय पाहिजे?" म्हणायची. मी किती वेळा सांगितलं, बस आमच्याबरोबर. "माझ्या घशाखाली उतरत नाही," म्हणायची. सासूसमोर जेवायचं नाही ही पहिली सवय, ती सासू गेल्यावरही सुटली नाही.

मग ज्याला जे वाटलं ते त्याने आणलं. मुलाने बटाटावडा आणला, मुलीने जिलेबी. मी खारी घेतली आणि कागदी कपात चहा घेतला. सकाळी ती चहात खारी बुडवून खायची, तेवढं मी चोरून बघितलेलं.

भरती नुकतीच उतरली होती. काठावर पचपचीत चिखल. पान ठेवलं असतं तर चिखलात रुतलं असतं. माझ्या पिशवीत दुकानातला हार्डबोर्डचा तुकडा होता, फ्रेमच्या पाठीला लावतात तो. एक कोपरा तिरपा कापलेला, म्हणून कुठल्या फ्रेमला लागत नव्हता. तो खाली टाकला, खरखरीत जाळीची बाजू वर केली म्हणजे पान सरकत नाही. त्यावर पान मांडलं आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो.

कावळा येईना.

कावळे नव्हते असं नाही. तारेवर होते, होडीवर होते. खाली एक उतरेना. मग आमच्यात पद्धत आहे, की मेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर ती पुरी करतो असं मोठ्याने सांगायचं. मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, बाबांना मी एकटं ठेवणार नाही." कावळा हलला नाही. मुलगी म्हणाली, "आई, गावच्या पालखीला तुझी ओटी मी दरवर्षी भरीन." नाही. हिचा भाऊ पुढे झाला आणि म्हणाला, "ताई, आजपासून दारू सोडली." मागून कुणीतरी हळूच बोललं, "कावळ्यालापण ठाऊक आहे, हा दर श्रावणात सोडतो." लोक हसले, मीही हसलो असेन. शेवटी सगळे म्हणाले, "आता तुम्ही बोला." मी म्हटलं, "गोळ्या वेळेवर घेईन."

त्यालाही नाही.

भटजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. ऊन चढलं होतं. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, म्हणाले झालं. पान तसंच ठेवून आम्ही रिक्षात बसलो.

मी ह्या गोष्टी मानत नाही असं पूर्वी सांगत फिरायचो. भाताच्या गोळ्यावर पक्षी बसतो की नाही त्यावर माणसाचं काय ठरतं, असं दुकानात गिऱ्हाइकांना ऐकवायचो. दुसऱ्याच्या घरचा दहावा असला की असं बोलता येतं. आपल्या घरचं पान तसंच राहिलं की मग झोप येत नाही. ही काहीतरी मनात ठेवून गेली, आणि मला विचारता येत नाही, एवढंच डोक्यात.

त्यात पोरांची भांडणं. रिक्षातून उतरल्या उतरल्या मुलगी म्हणाली, "आईला पालखीला नेतो म्हणून दादाने कबूल केलं होतं. नेलं नाही. तेच अडलं." मुलगा म्हणाला, "हिने दवाखान्यात माझ्या बायकोचं गाऱ्हाणं आईच्या कानात घातलं. तेच मनात राहिलं तिच्या." दोघं मोठी माणसं, दोघांना पोरंबाळं, आणि एका कावळ्यावरून बोलणं बंद. गणपतीत एक पहिल्या दिवशी येऊन गेलं, दुसरं विसर्जनाला आलं. निरोप माझ्यामार्फत. "बाबा, तिला सांगा." "बाबा, त्याला सांगा." मी दोघांनाही काही सांगायचो नाही. वर्षश्राद्ध जवळ येत होतं आणि मुलगा म्हणत होता, "ती असेल तर मी येऊन काय करू?"

हे सगळं घरात असताना मी परीक्षक झालो.

एका शाळेच्या वर्गात टेबलं जोडून त्यावर फोटो मांडले होते. मागे नंबर आणि फोटोचं नाव, माणसाचं नाव नाही. तीन पेनं, तीन कागद. साहेब म्हणजे जंगलात जाऊन वाघाचे फोटो काढणारे. माणूस चांगला, पण टोपी वर्गातसुद्धा काढेना. मला म्हणाले, "काका, तुमची पद्धत काय?"

"हा फोटो घेऊन गिऱ्हाईक आलं तर भिंतीवर टिकेल का एवढं बघतो. वर्षभर समोर बघवेल का? कडेला अर्धा माणूस कापला असेल तर मला चालत नाही."

"आणि कचऱ्याचा फोटो असेल तर? तो कोण भिंतीवर लावेल?"

"मग तो फोटो कशाला काढायचा?"

मॅडम म्हणाल्या, "काका, तेच तर दाखवायचंय ना."

इथे मला थोडं समजून घ्यावं लागलं. आमच्या धंद्यात जे चांगलं तेच फ्रेम होतं. इथे वाईट तेही चांगलं काढायचं असतं. असो.

निम्मे फोटो फ्लेमिंगोचे. गुलाबी, गुलाबी, गुलाबी. माझा तर जीव उबगला. मॅडमना म्हटलं, "खाडीवर बाकी कुणी राहत नाही का?" मिठागराचे तीन-चार चांगले होते. उत्तनकडचा एक होता, तारोडीच्या बाजूचा, बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले आणि खाली मांजर वर बघत बसलेलं. त्याला मी भरपूर मार्क दिले. साहेब म्हणाले, "ह्यात पर्यावरण कुठंय?" मी म्हटलं, "मांजर आहे, मासे आहेत, ऊन आहे. आणखी काय पाहिजे?" साहेबांनी कमीच दिले.

एक फोटो तिवरांच्या मुळांचा होता आणि त्यातलं पाणी सगळं धुरकट. मी म्हटलं, "हात हललाय ह्याचा. माझ्याकडे असा आला तर परत पाठवीन." साहेब हसले. म्हणाले, मुद्दाम तसं केलंय, पाणी वाहतंय ते दिसावं म्हणून. मला पटलं नाही. मग लांब जाऊन खिडकीपाशी उभा राहून बघितला, तर पाणी खरंच हललं. परत येऊन दोन मार्क वाढवले. चूक झाली तर झाली.

मग तो फोटो आला.

चिखल. चिखलात एक पान, पानावर भात सांडलेला. भातात चोच घातलेला कावळा, मान तिरकी, डोळा लालसर चमकतोय. बाजूला प्लॅस्टिकची पिशवी फुगून उभी. मागे होडीचा लाकडी भाग. साहेब म्हणाले, "हा बरा आहे. पिशवी आणि कावळा, दोघं सारखेच फुगलेत." मॅडमनी मागचं नाव वाचलं, इंग्रजीत होतं, मराठीत सांगितलं, "कचऱ्यातली मेजवानी."

मी फोटो हातात घेतला. सवयीने कड बघितली. पानाच्या खाली तपकिरी तुकडा होता, खरखरीत जाळीची बाजू वर. एक कोपरा तिरपा कापलेला.

हार्डबोर्ड कुठलाही असू शकतो. पण माझ्या हातचा काप मी ओळखतो. मी सुरुवातीला सुरी आत दाबतो आणि शेवटी उचलतो, म्हणून टोकाला केसासारखा एक धागा राहतो. तो होता. तरी मी म्हटलं, नसेल. मग पानावर बघितलं. वडा. जिलेबी. कागदी कप. खारी.

मॅडम म्हणाल्या, "काका? मार्क?"

मी म्हटलं, "ह्याला मी मार्क देत नाही."

"का? वाईट आहे?"

"वाईट नाही. आमच्या घरातला आहे."

त्यांना वाटलं फोटो मी काढलाय. साहेब म्हणाले, "परीक्षकाला भाग घेता येत नाही हो." मग सांगावं लागलं. हिचा दहावा, हे तिचं पान, हा माझा बोर्ड, आणि ती पिशवी मुलाने वडे आणलेली. साहेबांनी टोपी काढली, त्या दिवशी पहिल्यांदा. मॅडम दहाव्याला नव्हत्या, पण पिंडाचं काय झालं ते सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं.

मी म्हटलं, "मला हा फोटो काढणाऱ्याला भेटायचंय."

मॅडम म्हणाल्या, "काका, निकालाआधी परीक्षकाने स्पर्धकाला भेटायचं नसतं. नियम आहे. निकाल लागू दे, मग मीच घेऊन जाते तुम्हाला."

"निकाल कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"मग मी परीक्षक नाही. आत्तापासून नाही."

"तुमचे निम्मे मार्क देऊन झालेत," साहेब म्हणाले.

"ते खोडून टाका. मांजराचे तेवढे राहू द्या."

साहेब म्हणाले, "मांजराचे पण जातील, काका." मी म्हटलं जाऊ द्या. कागद त्यांच्याकडे दिला आणि बाहेर व्हरांड्यात लहान मुलांच्या बाकावर जाऊन बसलो. राग कुणाचा नव्हता. फोटो जमलेला होता. पण मला त्यात चांगलं-वाईट दिसत नव्हतं. मला एवढंच बघायचं होतं की कावळा कधी आला. आधी की नंतर, आणि खरंच खाल्लं का, की नुसती चोच लावून उडाला. एका फोटोवर ते कळत नाही. फोटो म्हणजे डोळ्याची एक उघडझाप, त्याच्या पुढचं-मागचं कोण सांगणार?

थोड्या वेळाने मॅडम बाहेर आल्या. फोन करून आल्या होत्या. म्हणाल्या, "फोटो काढणारी नया नगरला राहते. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. उद्या दुपारी तुमच्या दुकानात येईल."

दुसऱ्या दिवशी आली. माझ्या मुलीच्या वयाची असेल, डोक्यावरून ओढणी, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. शटर अर्धं होतं म्हणून वाकून आत आली. बसायच्या आधीच बोलायला लागली.

"अंकल, मॅडमने बताया. मुझे सच में पता नहीं था. मुझे लगा किसीने पूजा का खाना छोड़ दिया. मैं फोटो वापस ले लेती हूँ."

मी म्हटलं, "वापस क्यूँ? अच्छा है फोटो. बैठो. चाय पियोगी?"

"नहीं अंकल, अभी पी के आयी."

"तुम उधर कर क्या रही थी?"

"ड्यूटी से पहले पक्षी देखने जाती हूँ. उस दिन किंगफिशर के लिए गयी थी, वो नीला वाला, मछली मारता है. मिला नहीं. ये कौवा था तो इसीका निकाला."

"इसके पहले का है? बाद का?"

"बहुत हैं. मैं डिलीट नहीं करती. घरवाले चिल्लाते हैं."

तिने कॅमेरा काढला. मागचा पडदा तो केवढासा. मी गल्ल्यातलं भिंग घेतलं, फ्रेमचा सांधा बघायला लागतं ते. ती एक एक फोटो पुढे सरकवत गेली आणि मी भिंगातून बघत गेलो.

पहिल्यात कावळा होडीच्या काठीवर. दुसऱ्यात तोच कावळा, तिथेच. तिसऱ्यातही तिथेच. मी म्हटलं, "एक ही है?"

"एक ही है. देखो ना, इसका एक पंख ऐसे बाहर निकला हुआ है. ये बहुत देर बैठा था. मैं बोली, ये उड़ेगा तब निकालूँगी, तो ये उड़ता ही नहीं."

तिसऱ्या फोटोत कावळ्याच्या मागे लांबवर काही पांढरं दिसत होतं. मी भिंग जवळ नेलं. धुरकट होतं, त्या तिवरांतल्या पाण्यासारखं, पण ओळखू येत होतं. आम्ही होतो. हात जोडून ओळीने उभे. एक माणूस जरा पुढे आलेला, तो हिचा भाऊ असणार. कावळा आमच्याकडे तोंड करून बसलेला.

ती म्हणाली, "अरे, ये आप लोग हो? मैंने तो देखा ही नहीं. मेरा ध्यान कौवे पे था."

"आगे."

पुढच्यात मागचं पांढरं काही नाही. माणसं गेलेली. कावळा काठीवरच. त्याच्या पुढच्यात काठी रिकामी. मग चिखलात. मग हार्डबोर्डच्या कडेला. मग भातात चोच. स्पर्धेतला तो हाच. त्याच्या पुढे आणखी होते. भात खाताना, परत भात खाताना. खारी चोचीत आडवी धरलेली. खारी कपाशी नेलेली. कपात चोच घातलेली. कप पडलेला. शेवटच्या फोटोत पान जवळजवळ रिकामं, वडा तसाच.

"पूरा खा के गया," ती म्हणाली. "आराम से. मैं खड़ी थी, मेरे को देखा भी नहीं."

"कितना टाइम बाद आया? हम लोग गये उसके?"

तिने बटण दाबलं, फोटोंवरची वेळ बघितली. "ज्यादा नहीं. आप लोग रिक्षा तक भी नहीं पहुँचे होंगे."

मी म्हटलं, "चाय पियोगी?"

"अंकल, आपने अभी पूछा था."

"तो फिर से पूछता हूँ."

मग घेतला तिने चहा. निघताना म्हणाली, "नाम बदल दूँ फोटो का? कचरा लिखा है, अच्छा नहीं लगता. वो मैंने थैली देख के लिखा था."

"थैली हमारी ही है. मेरा लड़का छोड़ के आया. थैली कचरा ही है. रहने दो."

ते सगळे फोटो तिने माझ्या मोबाईलवर पाठवले. संध्याकाळी घरी आलो, हातपाय धुतले आणि आधी मुलीला फोन लावला, कारण ती लवकर उचलते. तिला म्हटलं, "ऐक, मध्ये बोलू नको. कावळा आला होता."

"कुठे? खिडकीत?"

"दहाव्याला. आपण गेल्यावर. फोटो आहे. सगळं खाल्लं त्याने."

ती म्हणाली, "आपण गेल्यावर का? आपण एवढा वेळ उभे होतो. मग कुणाचं ऐकून आला?"

"कुणाचं ऐकून नाही. आपण सगळे तिथे छाताडावर उभे होतो ना. तुझी आई कधी आपल्यासमोर जेवली होती का?"

मागे तिच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मग नाक ओढून म्हणाली, "चहा प्यायला?"

"कपात चोच घातली. फोटो आहे सांगतोय ना. पाठवतो."

"आणि जिलेबी?"

"अर्धी."

मुलाला फोन लावला तर त्याला पटेना. तो ऑफिसात शिकलाय शंका घ्यायला. "बाबा, कुठल्याही कावळ्याचा फोटो असेल." म्हटलं, "बोर्ड माझा आहे, पिशवी तुझी आहे. कावळा कुठला का असेना." मग फोटो पाठवले. थोड्या वेळाने त्याचाच फोन आला.

"बाबा, वडा नाही खाल्ला?"

"नाही."

"तिला वडा नको असायचा. पोटात वात धरतो म्हणायची. मी विसरलो होतो."

"आता लक्षात राहील."

"ते फोटो तिला पाठवलेत?"

"ती म्हणजे कोण? बहीण आहे तुझी. तूच पाठव. मी पोस्टमन नाही."

पाठवले की नाही मला माहीत नाही, मी विचारलं नाही. पण त्या आठवड्यात दोघांपैकी कुणी "सांगा" म्हणून फोन केला नाही.

स्पर्धेत त्या फोटोला दुसरा नंबर मिळाला, मांजराला काही मिळालं नाही. पहिला आला तो धुरकट पाण्याचा. बक्षिसाच्या फोटोंच्या फ्रेमा मी केल्या. कावळ्याला पातळ काळी पट्टी लावली. मॅडम म्हणाल्या, "काका, ह्याची एक तुमच्यासाठी पण करा." मी म्हटलं नको. हिला खाताना बघितलेलं आवडायचं नाही, भिंतीवर कशाला लावू? हिचा स्वतःचा फोटो आहे पाकिटात. तो करायचाय. पट्टी कुठली लावायची ते ठरत नाही.

दिवाळी झाली आणि वर्षश्राद्ध आलं. मुलगा बायको-पोराला घेऊन आदल्या रात्री आला, मुलगी सकाळी. दारात एकमेकांना बघून दोघं जरा थांबली, मग मुलगी म्हणाली, "दादा, केस किती गळले रे तुझे," आणि तो म्हणाला, "तुझ्यासारखं रंगवायला वेळ नाही मला." एवढ्यावर भागलं. सून आणि मुलगी ओट्याशी उभ्या राहून भाजी निवडत होत्या. फार बोलत नव्हत्या, पण एकाच परातीत निवडत होत्या.

पान गच्चीवर ठेवायचं ठरलं. मी दुकानातून नवा हार्डबोर्ड आणला, चारी कोपरे सरळ असलेला. जाळीची बाजू वर. भात, खारी, जिलेबी, चहा. वडा नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीला ठेवलं. मुलगा सवयीने मागे सरून हात जोडून उभा राहिला. मुलीने त्याच्याकडे बघून हात जोडले. नातवाने मोबाईल वर धरला.

मी म्हटलं, "मोबाईल खिशात घाल. चला खाली."

मुलगा म्हणाला, "बाबा, थोडं थांबू या ना. आला तर दिसेल."

"दिसायला नकोय. चला."

सगळ्यांना पुढे घातलं. गच्चीचं दार ओढून घेतलं आणि कडी लावली. जिन्यात मॅडम भेटल्या, त्या म्हणाल्या, "झालं का?" म्हटलं, "वाढलंय." खाली येऊन आम्ही जेवायला बसलो. सून वाढायला उभी राहिली तर मुलीने तिचा हात धरून खाली बसवलं, म्हणाली, "वहिनी, बस. ज्याचं त्याने घ्यायचं."

बोर्ड मी त्या दिवशी आणायला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो आणि घेऊन आलो.